अजमानच्या अहमद मन्सूरसाहेबांना जाहीर आभारपत्र

आदरणीय मन्सूरसाहेब,

स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हाती पडेल असं मला वाटत नाही. तुम्ही मानवी हक्कांसाठी लढणारे, आणि संयुक्त अरब अमिरातीतल्या तुरुंगात तुम्हाला एकट्यालाच कोठडीत डांबलंय, झोपायला गादी नाही, वाचायला पुस्तक नाही, असं मानवी हक्क संघटनांच्या अहवालात आलं आहे. तरी जाहीर लिहितो आहे, कारण तुम्ही ज्यांचे फोन वाचवलेत त्यांतल्या बहुतेकांना तुमचं नावसुद्धा ठाऊक नाही.

मी चिपळूणला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. आमच्या कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या नोकरीसाठी तुमच्याकडे येतात. दुबई, शारजा, अजमान ही नावं इथल्या घराघरांत रोजची. माणूस सुट्टीवर येतो तो फोन घेऊन येतो. मग तो फोन भावाकडून भाच्याकडे जातो आणि डिस्प्ले फुटला की माझ्या काउंटरवर येतो. तिकडचा जुना आयफोन ओळखायला मला बिल लागत नाही, त्यात फेसटाइम हे अ‍ॅपलचं व्हिडिओ कॉलचं अ‍ॅपच सापडत नाही. असे तुमच्या मुलखातले किती फोन मी उघडून जोडले असतील! म्हणून तुमची गोष्ट वाचली तेव्हा ती मला लांबची वाटली नाही.

१० ऑगस्ट २०१६ ला तुमच्या आयफोनवर अनोळखी नंबरावरून मेसेज आला आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक. तुमच्या देशातल्या तुरुंगांत होणाऱ्या छळाची नवी गुपितं हवी असतील तर ही लिंक बघा, असा मजकूर होता. तुम्ही मानवी हक्कांसाठी लढणारे, त्यामुळे आमिषही नेमकं तुमच्यासाठीच बेतलेलं. तुम्ही लिंकला हात लावला नाहीत. मेसेज डिलीट केला असता तरी तुमच्यापुरतं संकट टळलं असतं. पण तुम्ही तो टोरांटो विद्यापीठातल्या, डिजिटल हेरगिरीचा माग काढणाऱ्या सिटिझन लॅबकडे पाठवून दिलात. साहेब, माझे आभार या एका कृतीसाठी आहेत.

अर्थात ही सावधगिरी तुमच्यात आपोआप आलेली नव्हती. २०११ मध्ये फिनफिशर कंपनीचं आणि २०१२ मध्ये हॅकिंग टीम कंपनीचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर तुमच्यावर सोडण्यात आलं होतं. तुम्ही इलेक्ट्रिकल इंजिनिअर, टेलिकम्युनिकेशन शिकलेले. यंत्र कुठे फसवू शकतं याची समज तुम्हाला होती. पण समज असलेली माणसं पुष्कळ असतात. आपल्यापुरतं निभावलं की ती गप्प बसतात.

तिथल्या बिल मार्झाक आणि जॉन स्कॉट-रेल्टन या संशोधकांनी ती लिंक प्रयोगशाळेतल्या एका कोऱ्या आयफोनवर उघडली. लुकआउट या मोबाईल सुरक्षेच्या कंपनीचे तज्ज्ञही सोबत होते. त्यांना जे दिसलं ते वाचून माझ्यासारख्या हातात स्क्रूड्रायव्हर धरणाऱ्यालाही घाम फुटला. लिंक उघडली की आयफोनचा सफारी ब्राउझर क्षणभर चालतो आणि आपोआप बंद होतो. वापरणाऱ्याला वाटतं, नेट गेलं असेल. तेवढ्यात तीन त्रुटी एकापाठोपाठ एक वापरल्या जातात. पहिली ब्राउझरमधली, तिच्यातून परका कोड आत शिरतो. दुसरी सिस्टीमचा गाभा मेमरीत नेमका कुठे आहे ते दाखवते. तिसरी त्या गाभ्याचाच ताबा देते. मग एनएसओ या इस्रायली कंपनीचं पेगासस नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर आत येऊन बसतं. माईक, कॅमेरा, मेसेज, व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल, ठावठिकाणा, सगळं त्याच्या हाती. आणि ते शिरल्याबरोबर फोनचे आपोआप होणारे अपडेटही बंद करतं. हे वाचून मी बराच वेळ थांबलो. दुरुस्ती पोहोचूच नये याची सोय चोराने आधी करून ठेवलेली!

ज्यांच्याबद्दल फोन बनवणाऱ्या कंपनीलाही पत्ता नाही अशा त्रुटींना बाजारात काय भाव येतो ते तुम्ही जाणताच. २०१५ मध्ये एका कंपनीने आयफोनमध्ये दुरून शिरण्याच्या अशाच साखळीसाठी दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. तुमच्या एका फॉरवर्डने तेवढ्या किमतीचं हत्यार बोथट झालं. २५ ऑगस्ट २०१६ ला अ‍ॅपलने आयफोनच्या सिस्टीमचं नवं अपडेट, आयओएस ९.३.५, आणलं आणि तिन्ही त्रुटी बुजल्या. तुमच्या फोनमध्ये, शारजातल्या गवंड्याच्या फोनमध्ये आणि इथल्या त्याच्या भाच्याच्या फोनमध्येही. त्या भाच्यावर कुणी पेगासस सोडलं नसतं हे खरं. पण त्रुटी सगळ्यांच्या फोनमध्ये एकच असते, आणि एकाला सापडलेली वाट आज ना उद्या दुसऱ्याला सापडते.

मध्यंतरी एका निवृत्त गुरुजींचा आयपॅड २ दुकानात आला. बॅटरी फुगून स्क्रीन वर उचलली गेली होती. गुरुजी त्यावर कीर्तनं ऐकतात. वाय-फायवालं मॉडेल. बॅटरी बदलली, चालू केला आणि सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं सवयीने उघडलं. व्हर्जन ९.३.५. या मॉडेलला अ‍ॅपलने त्यानंतर अपडेट दिलंच नाही. म्हणजे त्या यंत्राच्या वाट्याला आलेली शेवटची दुरुस्ती तुमच्यामुळे आलेली. गुरुजींना मी तुमचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की पुढे सापडलेल्या त्रुटी यात तशाच उघड्या आहेत, तेव्हा बँकेचं काम यावर करू नका, कीर्तनं खुशाल ऐका.

गिऱ्हाईक अपडेट टाळतं, हे माझ्या धंद्यातलं रोजचं दुखणं. “अपडेट केलं की फोन स्लो होतो”, “बॅटरी उतरते”, “स्टोरेज फुल आहे”. यातलं काही खरंही असतं, जुन्या फोनवर मी ते पाहतो. तरी आता मी त्यांना बसवून घेतो, नको असलेले व्हिडिओ काढून जागा करून देतो आणि अपडेट लावूनच फोन परत देतो. ९.३.५ च्या नोंदीत अ‍ॅपलने सिटिझन लॅब आणि लुकआउट यांचे आभार मानले आहेत. त्या ओळींत तुमचं नाव नाही. ते मी काउंटरवर घेतो.

तुमच्यानंतर हल्ले आणखी वाईट झाले. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या नुसत्या कॉलवरून पेगासस शिरत होतं, उचलायचीही गरज नव्हती. आमच्या नागपुरातल्या एका वकिलांचं नावही त्या लक्ष्यांत निघालं. २०२१ मध्ये आयमेसेज या अ‍ॅपलच्या मेसेज सेवेतून तेच झालं. तिथे सावध राहूनही भागत नाही. ते भगदाडही एका सौदी कार्यकर्त्याने आपला फोन तपासणीला दिला म्हणून सापडलं आणि जगभरच्या आयफोनना अपडेट मिळालं. ज्याच्यावर नेम धरला तोच फोन पुढे करतो आणि बाकीचे सगळे वाचतात. ही वाट तुम्ही घालून दिलीत.

आणि तुमच्या वाट्याला काय आलं? २० मार्च २०१७ ला अजमानच्या घरातून तुम्हाला उचललं. २०१८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा आणि दहा लाख दिरहम दंड, कशासाठी तर सोशल मीडियावर लिहिलंत म्हणून. २०२४ मध्ये दुसऱ्या एका सामूहिक खटल्यात आणखी पंधरा वर्षं. तुम्हाला चार मुलगे आहेत. तुम्ही कविता लिहिता. माझ्यासारख्या सामान्य दुकानदाराच्या म्हणण्याने तुमच्या देशाचं सरकार हलणार नाही, पण तुम्हाला सोडावं, तोवर निदान घरच्यांना भेटू द्यावं आणि लिहायला कागद द्यावा, असं जे जगभरातून मागत आहेत त्यांत माझंही नाव धरावं.

मन्सूरसाहेब, मनापासून आभार.

आपला ऋणी,
चिपळूणचा एक मोबाईल दुरुस्ती करणारा