२७० हात लांब, १८७ हात रुंद

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. आठवीतल्या लेकीने शाळेच्या प्रेझेंटेशनला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवजातीचं भविष्य' हा विषय घेतलाय, वेळ आठ मिनिटं, आणि 'झेपेल असं काहीतरी घे म्हणून सांगू का?' असं तू विचारलंयस. नको सांगूस. निदान त्या शब्दांत तरी नको.

ते शब्द मी एकदा वापरलेत. बऱ्याच वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीला कृष्णविवरांवर बोलायचं होतं. मी म्हटलं, झेपेल तेवढंच घे बाळ. तिने मुकाट्याने 'पाण्याचे महत्त्व' घेतलं, सुबक तक्ते केले, पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. गुणही चांगले पडले. पण त्यानंतर वर्षभर तिने वर्गात एक प्रश्न विचारला नाही. मला ते अजून लागतं.

म्हणून काय हवं ते घेऊ द्यावं, असंही नाही. दरवर्षी माझ्यापुढे तीच यादी येते: विश्वाची उत्पत्ती, दुसरं महायुद्ध, जागतिक तापमानवाढ. पूर्वी वाटायचं, पोरं आवाका न बघता उड्या मारतात. आता वाटतं, मोठा विषय त्यांना सोपा जातो. नेटवर ढीगभर मजकूर तयार असतो, चित्रं असतात, आणि आम्ही शिक्षकही नाव ऐकूनच निम्मे खूश होतो. १९३९ ते १९४५ एवढं युद्ध सात मिनिटांत उरकताना कुठे थांबून विचार करायला सवडच नसते. तिघऱ्याच्या धरणाचं पाणी आपल्या नळापर्यंत कसं येतं, हे सांगायचं तर उठून कुणाला तरी विचारायला जावं लागतं.

यंदा एकाने 'भारतीय गणिताचा इतिहास' घेतला. घरी मराठी बोलणारा, वर्गात हिंदीतही अडखळणारा मुलगा. मी विषय बदल म्हटलं नाही. मधल्या सुट्टीत त्याला बसवून एवढंच विचारलं, यातलं तुला स्वतःला काय जाणून घ्यायचंय? बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, 'काहीच नाही' हे लिहायचं, म्हणजे शून्य, कसं सुचलं असेल?"

मी त्याला किल्ल्यावर पाठवलं. गूजरी महालाकडून वर चढताना लक्ष्मण दरवाजाच्या अलीकडे एका अखंड खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे, आठवतं? तू नि मी तिथून किती वेळा धावत वर गेलो असू, आत एकदाही डोकावलो नाही. आतल्या शिलालेखात संवत ९३३ आहे, म्हणजे इसवी सन ८७६. देवाच्या फुलबागेला दिलेल्या जमिनीची मापं त्यात आहेत, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद. शिवाय देवाला रोज ५० हार द्यायची व्यवस्था. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच, फक्त बारीक.

पोरगा वडिलांबरोबर रविवारी जाऊन आला आणि सोमवारी मैदानावर कोपरापासून बोटांपर्यंत हात धरून मोजायला लागला. हात दीड फुटाचा धरला तर बागेची लांबी चारशे फुटांच्या वर जाते. आमचं मैदान पुरेना! पोरं फाटकाबाहेर रस्त्यावर मोजत गेली.

घोळ पुढे झाला. घरी सगळ्यांनी आग्रह धरला की 'जगातलं पहिलं शून्य आपल्या ग्वाल्हेरचं' असं ठोकून दे, टाळ्या पडतील. तो माझ्याकडे आला. तोवर त्याने वाचलं होतं की शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच दिले होते, आणि कंबोडियातल्या एका शिलालेखात शक ६०५, म्हणजे ६८३ साल, लिहिताना मधल्या शून्याच्या जागी टिंब आहे. म्हणजे आपल्या दगडाच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी. रडवेला झाला होता. मी म्हटलं, दिसलं तेच सांग.

त्याने तेच सांगितलं. म्हणाला, पहिलं शून्य कुणाचं ते मला सांगता येणार नाही, पण ८७६ साली आपल्या गावात शून्य इतकं नेहमीचं झालं होतं की बागेच्या मापात आणि हारांच्या हिशेबातही ते सहज लिहीत होते. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मित्रा, इतक्या वर्षांच्या नोकरीत असं वाक्य मी मुलाच्या तोंडून क्वचित ऐकलंय, आणि ते त्याला कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

तेव्हा लेकीला आज जेवताना नुसतं विचार, यातलं तुला काय कळत नाहीये? कदाचित ती म्हणेल, मोबाईलला माझा आवाज कसा ओळखू येतो. कदाचित म्हणेल, बाबांची नोकरी जाईल का. दुसरं म्हणाली तर टाळू नकोस. तिच्याबरोबर बस, तुझ्या ऑफिसातलं कुठलं काम आता यंत्र करतं ते खरंखरं सांग. तिची आठ मिनिटं त्यातच भरतील.

डिसेंबरात तानसेन समारोहाला येणार आहेस ना? तिलाही आण. गाडीने नको, पायी चढू, आणि या वेळी त्या देवळात थांबू. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती