खाते बाईचे, मोबाइल नंबर दुसऱ्याचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन फसवणुकीत महिलेला अटक झाल्याची बातमी आली की ‘आता बायकाही यात!’ असे उद्गार आमच्याकडे हमखास ऐकू येतात. मी सिंधुदुर्गातील एका बँकेतून गेल्या वर्षी निवृत्त झाले. यातल्या काही बायका आरोपींच्या यादीत कोणत्या वाटेने पोहोचतात, हे काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले असल्यामुळे हे पत्र.

२०२४ च्या पावसाळ्यात काजूच्या कारखान्यात काम करणारी एक बाई खाते उघडायला आली होती. काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी झिजलेली, त्यामुळे यंत्रावर अंगठा काही उमटेना. सोबतचा तरुण बाहेर मोटारसायकलवर बसून होता आणि अर्जातला मोबाइल नंबर त्याचा होता. पासबुक आणि एटीएम कार्ड त्याच्या हवाली करायचे आणि महिना दोन हजार रुपये घ्यायचे, असे ठरले होते म्हणे. हे कळले ते चार महिन्यांनी, ती खाते का गोठवले म्हणून विचारायला आली तेव्हा. परराज्यातील एका वृद्धाची रक्कम तिच्या खात्यात येऊन काही मिनिटांत पाच-सहा खात्यांत पांगली होती. तो अर्ज मीच तपासून पुढे पाठवला होता. लाडकी बहीण योजनेसाठी आलेल्यांची रांग त्या दिवशी पायऱ्यांपर्यंत गेली होती आणि ‘हा नंबर कुणाचा?’ एवढे विचारायचे माझ्याकडून राहून गेले.

फसलेल्या माणसाने १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, की पैसा ज्या खात्यात प्रथम उतरला त्याचा माग आधी लागतो आणि पोलीसही आधी त्याच खातेदाराच्या दारात येतात. फसवणुकीचा फोन करणारा मात्र कधी दुसऱ्या राज्यात, तर कधी थेट कंबोडियात किंवा म्यानमारमध्ये बसलेला असतो. अशा भाड्याच्या खात्यांना ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात, हा शब्दही त्या बाईने पोलीस ठाण्यातच पहिल्यांदा ऐकला.

म्हणून सगळ्याच भोळ्या, असे मी मुळीच म्हणत नाही. मुस्लिम महिलांची छायाचित्रे ‘लिलावा’ला मांडणाऱ्या ‘बुल्ली बाई’ ॲपच्या प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी पकडलेल्यांत उत्तराखंडची एक १८ वर्षांची तरुणीही होती. ‘मॅडम बँकेतून बोलतेय’ म्हणत गोड आवाजात ओटीपी मागणारी मुलगी आपण काय करतो आहोत हे पुरते जाणून असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड नुसार अशा तोतयेगिरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि त्यात बाई-पुरुष असा भेद नाही, हे योग्यच आहे. स्वतःचे खाते देऊन झाल्यावर जावेचे आणि बचत गटातल्या चौघींचे पासबुक कमिशनवर आणून देणारी बाईदेखील माझ्या लेखी दलालच.

तेव्हा अटक झालेली महिला फोन करणारी होती, खाती जमवणारी होती की नुसती खातेदार, एवढे तरी बातमीत यावे, ही आपल्याला विनंती. सायबर पोलिसांची व्याख्याने बहुधा महाविद्यालयांत होतात. ती बचत गटांच्या बैठकांत आणि जमल्यास मालवणीत व्हावीत. बँकांनी खाते उघडताना अर्जातला नंबर बाईच्या समोरच लावून पाहावा आणि तिच्या पिशवीतला फोन वाजला नाही, तर अर्ज तिथेच थांबवावा.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
(जि. सिंधुदुर्ग)