फुंबानचे कागद आणि आपली मोडी

संपादक महोदय,

मोडीचा फाँट मोबाइलवर आला म्हणजे मोडी लिपी टिकली, असा समज सध्या पसरतो आहे. असं मानणाऱ्यांनी कॅमेरूनमधल्या फुंबानकडे पाहावं. बामुम राजघराण्याची ही राजधानी. तिथले सुलतान इब्राहिम न्जोया यांनी १८९६ च्या सुमारास स्वतःची लिपी घडवायला घेतली. आरंभी चिन्हं पाचशेच्या आसपास होती. छाटत छाटत १९१० मध्ये ती ८० वर आली, त्यातच दहा अंक. राज्याचा इतिहास, रूढी, औषधांची माहिती, सगळं या लिपीत उतरलं. फ्रेंचांनी १९३१ मध्ये न्जोयांना याउंदेला हद्दपार केलं आणि १९३३ मध्ये ते तिथेच वारले. वाचणारे घटले, तरी कागद टिकले.

ही ८० चिन्हं युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००९ साली आली. पण जुने कागद जुन्याच चिन्हांत असल्याने २०१० मध्ये आधीच्या टप्प्यांतली ५६९ चिन्हंही घेतली गेली. मोडी २०१४ मध्ये आली. तिची अक्षरं तीच, पण वळण काळागणिक बदललेलं. शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन हातांचे नमुने वेगवेगळे जमवले नाहीत, तर मोडी वाचायला शिकवलेला संगणक पेशवाईतल्या पत्रावर अडखळणारच. मोडीत शब्द तोडलेले नाहीत, बोरू उचललेला नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. एक शब्द कुठे संपतो हे माणसालाही संदर्भानेच कळतं.

तेव्हा घरात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, असतील त्यांनी आधी कागद सांभाळावेत. पावसाळ्यात दमट कागद उलगडू नयेत, घडीवर फाटतात. काजळीची शाई पाण्याने फाकते, म्हणून ओलं फडकं लावू नये. चिकटपट्टी पिवळी पडून कागदालाही डाग देते आणि लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. फोटो दोन्ही बाजूंचा, समास न कापता, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावा. दोन कागद जोडलेल्या सांध्यावरचा शिक्का अनेकदा मागेच असतो. शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली एक कालगणना) असेल तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढावा, पण मूळ आकडाही नोंदीत ठेवावा. आणि कागद कोणत्या रुमालात, कितवा होता हे लिहिल्याशिवाय त्याची जागा हलवू नये. सुटा पडलेला कागद कोणत्या वादातला हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

मोडी वाचणारे आम्ही काही जण,
दादर, मुंबई