स्वीडनच्या वारसदार राजकन्येविषयी बाबांना

स्टॉकहोम,
१४ मार्च

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आपले पत्र पोहोचले. ज्या देशात राजाला कायद्यावर सही करण्याचाही अधिकार उरलेला नाही, तेथे त्याच्या वारसाने जन्मभर तयारी करायची ती कशाची, असे आपण विचारले आहे. नागरिकशास्त्र शिकवण्यात ज्यांची सगळी नोकरी गेली, त्यांना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे आणि तो मलाही येथे आल्यापासून पडत आला आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. अधिकारांच्या बाजूने पाहिले तर वारसदाराचे पद येथे जवळजवळ रिकामे आहे. बंधनांच्या बाजूने पाहिले तर या मोकळ्या देशात त्याच्याइतके जखडलेले दुसरे पद नसावे.

राजाचे अधिकार गेले ते कोणत्याही क्रांतीने नव्हे. सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रजासत्ताकाची मागणी होती, पण ती रेटली तर मतदार दुरावतील अशी धास्तीही होती. शेवटी १९७१ साली तोरेकोव्ह नावाच्या समुद्रकाठच्या लहानशा गावी पक्षांच्या प्रतिनिधींनी तडजोड केली की राजा राहील, मात्र राज्यकारभारात त्याचा हात राहणार नाही. त्यातून आलेली राज्यघटना १९७५ च्या आरंभापासून लागू आहे. पंतप्रधानपदासाठी नाव सुचवण्याचे काम राजाकडून काढून संसदेच्या सभापतींकडे दिले गेले. राजाकडे उरले ते सप्टेंबरात संसदेच्या अधिवेशनाचे उद्घाटन करणे, परदेशी राजदूतांची अधिकारपत्रे स्वीकारणे, परराष्ट्र सल्लागार मंडळाच्या बैठकीचे अध्यक्षस्थान घेणे आणि सरकार बदलले की राजवाड्यात होणाऱ्या औपचारिक बैठकीत त्या बदलाची नोंद करवणे. राजा परदेशी गेला किंवा आजारी पडला की हीच कामे हंगामी राजप्रतिनिधी म्हणून वारसदाराकडे येतात. राजकन्या व्हिक्टोरिया यांनी अठरा वर्षे पूर्ण केली ती १४ जुलै १९९५ रोजी, आणि तेव्हापासून ही जबाबदारी त्यांच्याकडे आहे.

त्या वारसदार झाल्या कशा, ही हकिगत मात्र आपल्याला विशेष आवडेल, कारण तिच्यात कायदा आणि घराणे एकमेकांसमोर उभे ठाकलेले दिसतात. येथील वारसाहक्काचा कायदा १८१० सालचा आहे. त्या वेळचे राजे तेरावे कार्ल निपुत्रिक होते, म्हणून संसदेने नेपोलियनचा एक सेनापती, ज्याँ बर्नादोत, याला वारस म्हणून निवडले आणि राजाने त्याला दत्तक घेतले. फ्रान्समधल्या एका वकिलाचा हा मुलगा १८१८ मध्ये स्वीडनच्या गादीवर बसला आणि आजचे राजघराणे त्याचेच आहे. (दत्तक नामंजूर करून साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा केले गेले, हे आपण वर्गात ज्या तळमळीने सांगत असा, ते येथे वाचताना आठवल्याखेरीज राहिले नाही.)

बर्नादोतच्या वंशासाठी केलेल्या या कायद्यात मुलींना स्थान नव्हते. सध्याचे राजे सोळावे कार्ल गुस्ताफ यांना चार थोरल्या बहिणी. चौघींनाही वगळून हक्क धाकट्या भावाकडे आला. १९४७ च्या जानेवारीत कोपनहेगनच्या विमानतळावर झालेल्या अपघातात त्यांचे वडील वारले, तेव्हा ते नऊ महिन्यांचेही नव्हते. १९५० साली पणजोबा वारले, आजोबा गादीवर आले आणि हे चौथ्या वर्षी युवराज झाले; आजोबांच्या मागून सप्टेंबर १९७३ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, राजे झाले. त्यांची पहिली मुलगी व्हिक्टोरिया १९७७ साली जन्मली, तेव्हाही कायदा तोच होता. मे १९७९ मध्ये मुलगा कार्ल फिलिप झाला आणि जन्मतःच युवराज ठरला. परंतु थोरल्या अपत्याला, मग ते मुलगा असो वा मुलगी, हक्क देणारी दुरुस्ती तोवर संसदेत मार्गी लागलेली होती. हा कायदा राज्यघटनेचा भाग असल्यामुळे त्यातील बदलाला संसदेची दोनदा मंजुरी लागते आणि दोन मंजुऱ्यांच्या मध्ये सार्वत्रिक निवडणूक व्हावी लागते. ते सारे पार पडून १ जानेवारी १९८० रोजी दुरुस्ती अमलात आली आणि सात महिन्यांच्या युवराजाकडून पद अडीच वर्षांच्या बहिणीकडे गेले. असा संपूर्ण समान नियम करणारे स्वीडन हे पहिले राज्य.

राजांना हे पटले नाही. मुलाला जन्मासोबत मिळालेला हक्क मागाहून काढून घेणे योग्य नव्हे, असे त्यांनी पुढेही उघडपणे सांगितले आहे आणि त्यावरून टीकाही ओढवून घेतली आहे. बाप म्हणून त्यांचे दुःख मला समजते. पण चार थोरल्या बहिणी वगळल्या गेल्यामुळे ज्यांना गादी मिळाली, त्यांनी हा आक्षेप घ्यावा, हे कानाला खटकते. अर्थात आपण म्हणाल, आणि तेही खरेच, की बहीणभावांत समानता आणणाऱ्या या कायद्याने उरलेल्या एक कोटी लोकांशी समानता काही साधली नाही.

आता बंधनांकडे येते. या देशात कोणीही कोणत्याही धर्माचा असू शकतो, किंवा कोणत्याच धर्माचा नसू शकतो. वारसदाराला मात्र १५९३ च्या उप्साला धर्मसभेने ठरवलेला लूथरपंथी ख्रिस्ती विश्वास बाळगावा लागतो, आणि तो सोडला तर हक्क जातो. मुलांना त्याच धर्मात आणि देशातच वाढवावे लागते. राजाला कळवून त्याची संमती घेतल्यावाचून परदेशी जाता येत नाही. लग्नासाठी राजाच्या विनंतीवरून सरकारने संमती द्यावी लागते. तिच्यावाचून लग्न केले तर स्वतःचा आणि संततीचा हक्क बुडतो. पूर्वी तर राजपुत्राने सामान्य घरातील मुलीशी लग्न केले की हक्क आपोआप जात असे. राजांच्या दोन काकांनी तो असाच गमावला. राजकन्येने निवडलेला वर डॅनियल हा ओकेल्बू या छोट्या गावचा, स्टॉकहोमात व्यायामशाळा चालवणारा. येथील वर्तमानपत्रांनी त्याच्या बोलण्याचालण्याची वर्षानुवर्षे थट्टा केली. सरकारची संमती मिळून १९ जून २०१० रोजी लग्न झाले, तेव्हा वाद निघाला तो वेगळाच. येथे वधूवर चर्चमध्ये जोडीने प्रवेश करतात. वडिलांनी मुलीला वेदीपर्यंत नेऊन सोपवणे ही रीत येथील नव्हे, आणि ती स्त्रीला वस्तू मानते, अशी टीका खुद्द आर्चबिशपांनी केली. राजकन्येला वडिलांसोबत जायचे होते. अखेरीस वडील अर्ध्या वाटेपर्यंत गेले आणि पुढे वधूवर जोडीने वेदीपाशी पोहोचले. स्वतःच्या लग्नात किती पावले कोणासोबत टाकायची, यावर ज्या बाईसाठी देशभर चर्चा होते, तिच्या पदाचा हेवा करावासा मला वाटत नाही.

रोजचे काम बाहेरून सोपे दिसते: उद्घाटने, रुग्णालये, शाळा, कारखाने, मेजवान्या, १० डिसेंबरला नोबेल समारंभ, ६ जूनला राष्ट्रीय दिन. देशाच्या पंचवीसही पारंपरिक प्रांतांत त्यांनी पायी भ्रमंती केली आहे, आणि मला त्यांच्या कामांपैकी ते सर्वांत अर्थपूर्ण वाटते, कारण तेथे व्यासपीठ नसते. अमेरिकेतील येल विद्यापीठात, उप्सालात आणि संरक्षण महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. संसदेत, संयुक्त राष्ट्रसंघात आणि वॉशिंग्टनच्या वकिलातीत त्यांनी शिकाऊ म्हणून काम केले. २०२४ मध्ये स्वीडन नाटोत सामील झाले, दोनशे वर्षांहून जुने अलिप्ततेचे धोरण संपले आणि ११ मार्चला ब्रुसेल्समध्ये स्वीडनचा ध्वज चढला, तेव्हा पंतप्रधानांबरोबर राजकन्या उपस्थित होत्या. त्या निर्णयावर त्यांचे मत कोणी विचारले नव्हते, विचारले असते तरी त्यांना ते देता आले नसते. आणि तरीही त्या तेथे नसत्या तर लोकांना काही उणे वाटले असते. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईल तेवढे या एका प्रसंगात आहे.

परवा, १२ मार्चला, त्यांचा नामदिन होता. येथील पंचांगात प्रत्येक दिवसाला काही नावे नेमून दिलेली असतात आणि हा दिवस व्हिक्टोरिया या नावाचा आहे. त्या दिवशी राजवाड्याचे आतले अंगण सर्वांसाठी खुले असते. मीही गेले होते. सैनिकी वाद्यवृंद वाजला, मग लहान मुले फुले घेऊन पुढे सरकू लागली आणि प्रत्येकाशी वाकून दोन शब्द बोलणे सुरू झाले. पाहताना मला एकच गोष्ट राहून राहून जाणवत होती. चेहरे ओळखण्यात आपल्याला अडचण येते, असे राजकन्येने स्वतःच पूर्वी सांगितलेले आहे. वाचनदोषाविषयीही त्या बोलल्या आहेत. भाषणे वाचणे आणि माणसांना ओळखणे हेच ज्या पदाचे निम्मे काम, ते पद नेमके अशा व्यक्तीकडे जन्माने यावे आणि तिने ते इतक्या वर्षांत कोणाला न दुखावता निभावावे, हे मला त्यांच्या कोणत्याही पदवीपेक्षा मोठे वाटते.

निभावणे नेहमीच साधले असे मात्र नाही. १९९७ साली, त्या वीस वर्षांच्या असताना, त्यांना अन्नविकार जडल्याचे राजवाड्याने जाहीर केले. सर्वांची नजर आपल्या शरीरावर आहे हे त्या वयात रोज छायाचित्रांतून कळत राहणे काय असेल, याची कल्पना कोणाही मुलीला करता येईल. त्यानंतर त्या अमेरिकेत शिकायला गेल्या, जेथे रस्त्यात त्यांना कोणी ओळखत नव्हते. मुलीचे दुखणे लपवणे हा राजघराण्यांचा जुना स्वभाव असताना येथे ते सांगितले गेले, आणि पुढे त्याच आजाराविषयी त्या स्वतः जाहीरपणे बोलल्या. कित्येक घरांतील आईवडिलांना त्यामुळे डॉक्टरकडे जाण्याचा धीर आला असेल.

उरतो तो प्रतीक्षेचा प्रश्न. राजकन्येचे पणजोबा सहावे गुस्ताफ अडोल्फ जवळजवळ त्रेचाळीस वर्षे युवराज होते आणि सदुसष्टाव्या वर्षी राजे झाले. त्या काळात त्यांनी ग्रीसमध्ये उत्खननात भाग घेतला आणि चिनी कलावस्तूंचे जाणकार म्हणून नाव मिळवले. पणतीने प्रतीक्षेत त्यांना आता मागे टाकले आहे. शेजारच्या डेन्मार्कच्या राणी मार्गारेट यांनी जानेवारी २०२४ मध्ये मुलासाठी गादी सोडली, तेव्हा येथेही चर्चा झाली. पण कार्ल गुस्ताफ यांनी तसा विचार दाखवलेला नाही. प्रतीक्षा लांबली हे वाईटच असे मी म्हणणार नाही. राजकन्या सोल्ना येथील हागा राजवाड्यात राहून आपली दोन मुले वाढवू शकल्या. त्यांच्या वडिलांना तेवढी उसंत मिळाली नव्हती.

मुलांपैकी थोरली एस्टेल, २०१२ च्या फेब्रुवारीतली. धाकटा भाऊ ऑस्कर चार वर्षांनी जन्मला, तेव्हा तिचा हक्क हलला नाही आणि त्याची कोणी चर्चाही केली नाही. राजांच्या तेव्हाच्या इतर पाच नातवंडांना २०१९ मध्ये राजघराण्याच्या कर्तव्यांतून मोकळे करण्यात आले, या दोघांना मात्र नाही. २३ फेब्रुवारी २०३० रोजी एस्टेलला अठरा वर्षे पूर्ण होतील, आणि त्यानंतर आजोबा व आई दोघेही परदेशी असले तर हंगामी राजप्रतिनिधीची खुर्ची तिच्याकडे येऊ शकेल. तोवर धर्माविषयीची अट तरी संसदेने काढून टाकावी, असे मला वाटते. आपले मत सवडीने सविस्तर कळवावे.

आईस साष्टांग नमस्कार.

आपली,
सुमेधा