नीतिसूत्रे वाचावीत, पण सावकाश

मा. संपादक,
स. न.

बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचे ३१ अध्याय तारखेप्रमाणे रोज एक वाचायची पद्धत चांगली आहे, पण दहाव्या अध्यायापासून गाडी अडते. तिथून बहुतेक वचने सुटी आहेत, भराभर वाचली की एकही लक्षात राहत नाही. म्हणून एकच वचन वहीत उतरवावे आणि रात्री त्याच्यासमोर दिवसाचा हिशेब मांडावा. ११:१ (अकराव्या अध्यायाचे पहिले वचन) खोट्या तराजूबद्दल आहे. दुकानदाराने त्या दिवशी आपला काटा तपासावाच! २६:४ म्हणते, मूर्खाला उत्तर देऊ नको. २६:५ म्हणते, दे. कुठे गप्प बसायचे, हे प्रसंग पाहून आपणच ठरवायचे. त्यासाठी लागणारे ज्ञान देवाकडे मागा, असे बायबलमधलेच याकोबाचे पत्र (१:५) सांगते. तीस दिवसांच्या महिन्यात शेवटचा अध्याय राहून जातो, तो तिसाव्यालाच जोडून घ्यावा.

– एक वाचक, वसई