कोलाडच्या दादाला, वल्ह्याबद्दल

प्रिय दादा,

तुझं कयाकचं, म्हणजे एकट्याच्या छोट्या होडीचं, दोन पात्यांचं वल्हं शनिवारी परत आणतेय. उजव्या पात्याच्या कडेला नखाएवढा टवका उडालाय, ते आधीच सांगून टाकते.

हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुला एकट्याला लिहिलं असतं तर "एवढ्यासाठी पत्र कशाला गं?" म्हणून विषय संपवला असतास. शिवाय कार्बनचं वल्हं घ्यायला निघालेल्या आणखी कुणाचे पैसे वाचले तर वाचू देत.

जानेवारीत तुझ्याकडे आले तेव्हा माझं सगळं ठरलेलं होतं. जुलैत केरळात मलबार रिव्हर फेस्टिव्हलला बोटरक्रॉसमध्ये, म्हणजे अनेक कयाक एकदम सुटतात त्या शर्यतीत, उतरायचं, आणि त्यासाठी मिळेल ते सगळ्यात हलकं पॅडल बाहेरून मागवायचं. कस्टम धरून दोन महिन्यांचा पगार जाणार होता. फोनवर फोटो दाखवला, तर तू वजनाचा आकडा वाचलासुद्धा नाहीस. "दांडा केवढा जाड आहे?" एवढंच विचारलंस. मला कुठे माहीत होतं!

मग ते ओलं फडकं. माझ्या जुन्या फायबरग्लासच्या पॅडलला मधोमध बांधलंस आणि हवेत शंभर हात मारायला लावलेस. मारले. मग तेच फडकं फाडून अर्धं अर्धं दोन्ही पात्यांच्या टोकांना बांधलंस. चाळीस हातांतच खांदे भरून आले. वजन तेच, फडकं तेच. "काट्यावर काय बघतेस, टोकाला किती आहे ते बघ," म्हणालास. शर्यतीत मिनिटाला साठ-सत्तर हात पडतात, प्रत्येक हाताला ते टोक उचलायचं असतं. मी तीन महिने ग्रॅम मोजत होते आणि हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

मनगटाचंही तसंच. दोन वर्षं पट्टा बांधून वल्हवत होते. माझा पंजा लहान, दांडा जाड, म्हणून मूठ सतत आवळलेली. दोन-अडीच मिलिमीटरचा तर फरक! तुझं बारीक दांड्याचं वल्हं हातात दिलंस आणि म्हणालास, जुलैपर्यंत राहू दे. खडकाळ नदीत स्वतःचं कार्बन दुसऱ्याच्या हाती देणारा माणूस मी अजून दुसरा पाहिलेला नाही.

त्यानंतर किती रविवार पहाटे पुणं सोडलं. मुळशीचं पाणी घाट उतरून, भिऱ्याला वीज करून कुंडलिकेत येतं. मीही घाट उतरून त्यालाच गाठायला यायचे. माझ्या नव्या वल्ह्याची ठरवलेली लांबी १९७ वरून १९४ सेंटिमीटरवर आली, दोन पात्यांमधला पिळाचा कोन ३० अंशांवर थांबला, पातं एक माप लहान झालं. मध्येच मला विंग पात्याची हौस आली होती. चमच्यासारखं वळलेलं ते पातं सरळ ओढीला जबरदस्त, नदीतून सरळ खाली वेगात जाण्याच्या शर्यतीतले डाउनरिव्हरवाले तेच वापरतात. पण एडीत, म्हणजे खडकामागच्या उलट फिरणाऱ्या पाण्यात, वळायला, आडवं रोवून तोल सावरायला ते दगा देतं. तू इतकं काही सांगितलं नाहीस. "तू सरळ जातेस कधी?" एवढंच.

फेस्टिव्हलच्या शर्यतीत, चालिप्पुळा नदीवर, पाऊस कोसळत होता. माझ्या हीटमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या फेरीत, तिसरी आले, पुढे गेले नाही. पण शेवटच्या वळणापर्यंत हात चालत होते आणि मनगटाला पट्टा नव्हता. टवका तिथलाच, दुसऱ्या एकीच्या बोटीला टाळताना खडकावर बसला.

माझं नवीन वल्हं गेल्या आठवड्यात आलं. आधी पसंत केलेल्यापेक्षा ७०-८० ग्रॅम जडच आहे, पण हातात घेतलं की टोकं हलकी लागतात.

आणि हो, तू शिकवल्याप्रमाणे तुझ्या पात्यावर रुपयाचं नाणं टकटक करून पाहिलं. पात्याच्या आतल्या फोमवरचा थर सुटला असला तर आवाज बद्द येतो म्हणाला होतास. टवक्याच्या आजूबाजूला सगळीकडे खणखणीत आहे. तरी शनिवारी तू एकदा स्वतः ऐकून घे.

तुझी,
पुण्याची, वाकडीच जाणारी