मुतखड्याची गोळी खडा विरघळवत नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आमच्या जळगावकडे मुतखड्याचे पेशंट वाढतात, आणि मेडिकलच्या काउंटरवर "खडा पडायची गोळी द्या" म्हणून लोक सर्रास टॅमसुलोसिन मागून नेतात, शेजाऱ्याला लागू पडली तर मलाही पडेल एवढ्याच भरवशावर. हे थांबायला पाहिजे म्हणून लिहितोय.

ही गोळी खडा विरघळवत नाही. ती किडनीतून मूत्राशयाकडे येणारी नळी सैल करते, खालच्या टोकाला जास्त, म्हणजे अडकलेल्या खड्याला वाट मिळते. म्हणून सोनोग्राफीत खडा किती मिमीचा आणि नेमका कुठे अडकलाय ते आधी कळायला हवं. ४ मिमीपर्यंतचे बहुतेक खडे गोळीशिवायच पडतात. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये ११०० हून जास्त पेशंटवर चाचणी झाली त्यात ही गोळी आणि औषधच नसलेली नुसती दिखाऊ गोळी यात फरकच दिसला नाही, पण नळीच्या खालच्या भागातल्या ५ ते १० मिमीच्या खड्याला फायदा होतो असं इतर अभ्यासांवरून दिसतं, म्हणून डॉक्टर अजून देतात. किडनीतच बसलेल्या मोठ्या खड्याला तिचा काय उपयोग?

दुसरी गोष्ट. आमच्या वहिनींना डॉक्टरांनी हीच गोळी दिली, त्यांनी मोबाईलवर नाव टाकलं तर "प्रोस्टेटचं औषध" असं आलं, मग बाईमाणसाला पुरुषाची गोळी दिली म्हणून घरात गोंधळ आणि गोळी बंद! अहो, मूळ ती प्रोस्टेटसाठीचीच आहे, पण नळीचा स्नायू बायकांनाही असतोच ना. हे दोन वाक्यात सांगायला डॉक्टरांना कितीसा वेळ लागतो? उठताना चक्कर येऊ शकते, बीपीची गोळी चालू असेल तर जास्तच, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना ही गोळी घेतल्याचं सांगावंच लागतं, हे तर कोणीच सांगत नाही.

आणि कळ आलेली असताना तांब्यावर तांबे पाणी किंवा बिअर पाजून खडा ढकलला जात नाही, उलट दुखणं वाढू शकतं. भरपूर पाणी प्यायचं ते एरवी, रोज, पुढचा खडा होऊ नये म्हणून. कळीबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर गोळीची वाट बघत बसू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा, अडकलेल्या लघवीत इन्फेक्शन झालं तर जिवावर बेततं.

तुमच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या युरोलॉजिस्टकडून यावर सविस्तर लिहून घ्या, उन्हाळा संपायच्या आत छापलंत तर बरं होईल.

- एक नियमित वाचक, जळगाव